बोटभर उघडी काच

रविवार, ५ जानेवारी २०२५

आज माझ्या गाडीत कुणीतरी बसून गेलं आहे. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या धैर्यशील "आई, तुला भास होतात" म्हणाला तर त्याच्या नाकासमोर वही धरता येईल.

मागची डावी काच बोटभर उघडी होती. मी काचा वरपर्यंत लावते आणि लावल्यावर हाताने दाबूनही बघते. पुढची डावी सीट पुढे सरकवलेली होती. मागे कुणाला तरी ऐसपैस बसायचं होतं म्हणजे. कुलूप शाबूत. चोरीला काही गेलं नाही, हे तर जास्तच वाईट. चोर परवडला, त्याला काय हवं ते तरी कळतं.

आयुष्यभर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली. पाठ फिरवून उभी असले तरी रांगेत कोण हललं ते मला कळायचं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

धैर्यशीलला विचारलं, "गाडी काढलीवतीस व्हय रे?"

"न्हाई गं. मी मटण आणायला स्कूटरवरनं गेलतो की."

ते खरं असणार. गाडीत मटण आणायचं नाही हा माझा नियम आहे. नव्या कव्हरांना वास धरतो, आणि पौर्णिमेला याच गाडीनं मी जोतिबाला जाते. घरात काय शिजवायचं ते शिजवा, माझी गाडी सोवळी. नियम केला तेव्हा सूनबाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या होत्या. हसायला काय झालं ते मात्र सांगितलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

परत. या वेळी मागच्या खिडकीचा काळा पडदा ओढलेला आणि सीटवर तळहाताएवढा ओला डाग. वास नाही. नुसतं पाणी.

दुसरी किल्ली दाराजवळच्या खुंटीवर असते. ती तिथंच होती. म्हणजे कुणीतरी तिसरी करून घेतली आहे. कुणी, ते मला सांगायला नको. तळमजल्यावरचा बाळासो. मंगळवार पेठेतल्या या इमारतीत राहायला आल्यापासून त्याचा डोळा माझ्या जागेवर आहे, खांबामागची, सावलीची. त्याची जीप उन्हात उभी असते ना. मला घाबरवून जागा सोडायला लावायची, दुसरं काय.

जेवताना सांगायला लागले, तर ऐकायला कोण? धैर्यशील मोबाईलमध्ये. सूनबाई शिवांजली ताट घेऊन गॅलरीत. बुधवारी आणि रविवारी ती गॅलरीतच जेवते, भाकरी आणि आमटी. लिंगायताची पोरगी, मटण खात नाही, माझं काही म्हणणं नाही. पण सकाळी मी कांदा-खोबरं भाजायला घेतलं की हिला झेरॉक्स आठवते, दूध आठवतं, क्लासची किल्ली आठवते. राजारामपुरीतल्या क्लासात गणित शिकवते आणि घरातली वजाबाकी हिला येत नाही, की एका बाईवर सगळा स्वयंपाक पडतो.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ झाला, गोड बोलणं काही मला जमलं नाही. शेजारची मोना वाण घेऊन आली आणि म्हणाली, "क्रांतीमावशी, तुमची सून किती शांत हाय." शांत कसली, मुकी आहे. शिवाय बारा महिने गळाबंद कुडते. मंगळसूत्रसुद्धा आत.

पण हे कबूल करते की हार सुरेख करते. बाजारातून फुलं तीच आणते आणि असल्या बारीक गाठी मारते की दोरा दिसत नाही.

देव्हाऱ्यातल्या तिच्या चांदीच्या डबीवर आज शेवंती वाहिली. मी काही पाषाणहृदयी सासू नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती डबी तिच्या गळ्यात होती, आत त्यांचं लिंग असतं. म्हटलं, आमच्याकडं गळ्यात मंगळसूत्र पुरे, देव देवाजवळ ठेव. ती म्हणाली, "आई, तो अंगावरच ठेवायचा असतो." मी म्हटलं, वाद नको, आणि माझ्या हातानं जोतिबाच्या टाकाशेजारी जागा करून दिली. दुसऱ्या कुठल्या सासूनं परक्या देवाला देव्हाऱ्यात घेतलं असतं? दीड वर्ष झालं, रोज फूल वाहते. त्याचं कौतुक नाही कुणाला.

रविवार, १९ जानेवारी

मागच्या सीटवर पांढरी भुकटी, चिमूटभर. बोटाला घेऊन वास घेतला. राख. सिगारेटची नव्हे, मऊ, पिठासारखी.

आता मीही खेळाडू आहे म्हटलं. मागच्या दाराच्या मुठीला आणि पट्ट्याच्या आकड्याला आतून काळा दोरा बांधून ठेवला. दार उघडलं की तुटणार. बघू या बाळासो काय करतो ते.

बुधवार, २२ जानेवारी

दोरा तुटलेला नाही. कुणीतरी पुढून आत हात घालून तो सोडवला आणि जाताना पुन्हा बांधून ठेवला. माझ्यापेक्षा नीट. गाठ शोधायला मला चष्मा लावावा लागला.

बाळासोच्या जाड बोटांना असली गाठ जमणं शक्य नाही. म्हणजे त्याला कुणीतरी सामील आहे. एखादी बाई असणार. त्याच्या बायकोवर लक्ष ठेवायला हवं.

बुधवार, २९ जानेवारी. अमावस्या.

हे रागानं लिहिते आहे, भीतीनं नव्हे.

अमावस्या असली तरी बुधवार तो बुधवार, मटण शिजत होतं. मसाला संपला म्हणून मोतीबाग तालमीकडच्या गिरणीत जायला खाली उतरले. गाडीत मागच्या सीटच्या फटीत बेलाचं पान. आणि पुढच्या सीटच्या पाठीवर राखेची तीन बोटं ओढलेली, पुसायचा प्रयत्न केलेला, पण दिसत होती.

भांडी घासायला शालूबाई आली होती. तिला खाली नेऊन दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"बाई, ही भस्माची करणी हाय. वार बघितलासा न्हवं? रव्वार, बुधवार, आन् आज आवस."

वार माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते. रविवार, बुधवार. नेमके तेच वार. या वारांना बाळासोच्या घरात काय चालतं ते शोधलं पाहिजे.

मी हे मानत नाही. शाळेत असताना वाटेतला उतारा मुलींसमोर लाथेनं उडवला होता मी. पण मानणं वेगळं आणि आपल्या सीटवर कुणी राखेची बोटं ओढणं वेगळं.

गुरुवार, ३० जानेवारी

आज त्याला सोडला नाही. सकाळी जीप पुसत होता, तिथंच गाठला.

"माझ्या गाडीत भस्म टाकतोस? बेल टाकतोस? जागेपायी करणी करतोस व्हय रे माझ्यावर?"

"मॅडम, तोंड सांभाळून बोला. जादूटोण्याचा कायदा हाय, तुमीच अडकशीला."

"मग कोण येतं गाडीत? सांग की!"

त्यानं वर आमच्या गॅलरीकडे बघितलं. शिवांजली कपडे वाळत घालत होती, हातात ओलं कापड तसंच धरून उभी. बाळासोनं मान खाली घातली आणि फडका पिळला.

"मला इचारू नगा. तुमच्या घरात इचारा."

माझ्या घरावर जातो! मग मीही मागंपुढं बघितलं नाही. त्याची जीप, त्याची बायको, त्याचं खानदान, सगळं काढलं. आवाज तर माझा मैदानावरचा. अख्खी इमारत जिन्यात उभी होती. तो एका शब्दानं बोलला नाही. दोषी माणूस असाच गप्प बसतो.

संध्याकाळी शिवांजलीनं चहा आणून ठेवला आणि उभी राहिली.

"आई, बाळासोकाकांनी काही केलं नसेल."

"तुला काय ठाव?"

"मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"त्या माणसाची बाजू घेऊन बोलणार असशील तर माझ्यासमोर उभी राहू नको. कुणाच्या घरची सून हाईस तू?"

ती कप न घेताच गेली. सांगायचं होतं तर सांगायचं, मी काय तोंड शिवलं होतं?

रविवार, २ फेब्रुवारी, सकाळी

हे कुणाला सांगणार नाही. इथं लिहिते तेवढंच.

शालूबाईचं म्हणणं, करणी इटाळावी लागते. "मटणाचं धुवण सीटवर शिंपडायचं आन् चरबीचा तुकडा सीटखाली सारायचा. करणाऱ्याचा देव पळून जातोय बगा."

धैर्यशीलनं मटण आणून दिलं. शिवांजली अंघोळीला गेलेली. धुतलेलं पाणी तांब्यात घेतलं, पदराखाली झाकलं आणि खाली उतरले. नवी कव्हरं. हात आधी पुढं होईना. मग त्या तीन बोटांची आठवण झाली आणि मागच्या सीटवर सगळा तांब्या उलटा केला. चरबी सीटखाली. माझा नियम मीच मोडला, पण तो बाळासोमुळे.

काचा लावल्या. किल्ली खुंटीवर टांगली. आता येऊ दे कोण येतो ते.

रविवार, दुपारी

एवढ्या आनंदाची बातमी आणि ती कुठं कळावी तर पार्किंगमध्ये!

वाटण वाटत होते तेव्हा शिवांजली झेरॉक्सला म्हणून गेली. थोड्या वेळानं मोना धावत वर आली, "मावशी, तुमची सून खाली ओकायलीया." जाऊन बघते तर खांबापाशी गटाराच्या जाळीवर वाकून बसलेली, एक हात गळ्याशी घट्ट दाबून धरलेला. पाठीवर हात ठेवायला गेले, तर अंग चोरून बाजूला झाली.

"हात नका लावू, आई."

असं होतं पहिल्या खेपेला. मला धैर्यशीलच्या वेळी स्वतःच्या आईचासुद्धा वास सहन होत नव्हता. वर येऊन तिनं परत डोक्यावरून अंघोळ केली. किती वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी न्हाणीच्या दाराशी उभी राहून ओरडले, "अगं, सर्दी हुईल, दोन जिवांची हाईस आता!" आत ती तांब्यामागून तांब्या ओतत राहिली.

मला लाजेनं गप्प बसणाऱ्या पोरी आवडतात. आजवर हिच्यावर उगीच चिडत होते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शिवांजली माहेरी गेली, गडहिंग्लजला. विश्रांतीला जाते म्हणाली. मीच म्हणणार होते. डिंकाचे लाडू दिले, गोधडी दिली.

"चल, गाडीनं सोडतो तुला," मी म्हटलं.

"नको आई. एस्टीनं जाते."

"असल्या दिवसांत एस्टीचे धक्के? येडी हाईस का?"

"गाडी नको," म्हणाली. एवढा स्पष्ट आवाज तिचा मी प्रथमच ऐकला. निघताना पाया पडली, पण लांबून, हात न लावता. देव्हाऱ्याकडे वळलीसुद्धा नाही. लाडवांचा डबा टेबलावरच विसरून गेली.

गाडीत रविवारपासून कुणी आलेलं नाही. शालूबाईचा उपाय लागू पडला म्हणायचा. बाळासो समोरून गेला तर मुद्दाम खाकरले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शिवांजली फोन उचलत नाही. तिचा बाप उचलतो आणि "बरी हाय" म्हणून ठेवतो. काच नाही, डाग नाही, राख नाही. मी जिंकले आहे आणि घरात बोलायला कुणी नाही.

आज धैर्यशीलनं ताटातलं मटण बाजूला सारलं.

"पोरीसाठी पाळण्याचं बघायला पायजे," मी म्हटलं.

"ती गरोदर न्हाई, आई."

"मग ओकली कशानं?"

"ते मलाबी सांगत न्हाई ती. एवढंच म्हणाली, आता गाडीपण राहिली न्हाई." तो माझ्याकडे बघत राहिला. "आई, तू गाडीत काय केलंस?"

"गाडीचा आणि तिचा काय संबंध?"

मग तो बोलला. मान वर न करता, लहानपणी काच फोडली की बोलायचा तसा. ते लिंग डबीत नव्हतंच. पहिल्याच रात्री काढून कापडात बांधून गळ्यात घातलं, कुडत्याच्या आत. रोज त्याची पूजा करावी लागते, डाव्या तळहातावर घेऊन, पाणी, भस्म, बेल. त्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही. इतर दिवशी पहाटे खोलीत उरकायची. बुधवारी, रविवारी तिची अंघोळ होते तोवर घरभर मटण.

"मग गाडीच का?"

"तूच म्हणालीवतीस न्हवं, गाडीत मटण आणायचं न्हाई. एवढ्या घरात तेवढीच जागा होती तिला."

"आणि तुला ठाव होतं? मी त्या बाळासोचं खानदान काढत हुतो तवाबी ठाव होतं?"

"ठाव होतं."

"मग तोंड का उघडलं न्हाईस?"

"तुझ्यापुढं कुणी उघडलंय का आजवर?"

मी त्याला धुवणाचं सांगितलं. चरबीचंही. तो उठला, ताट तसंच टाकून, आणि दार आपटून गेला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मला उलटं ओरडता आलं असतं.

देव्हाऱ्यातली डबी उघडली. आत कापूस होता. पोकळ वाजू नये म्हणून ठासून भरलेला. दीड वर्ष मी कापसाला फुलं वाहते आहे.

सगळ्यांचा राग येतो आहे. त्या मुलीचा, की एवढं कसं लपवलं. मुलाचा, शालूबाईचा. वही मिटते.

रविवार, १६ फेब्रुवारी

कव्हरं जाळली. सीट सोड्यानं, साबणानं, गोमूत्रानं धुतल्या. मग डबी घेऊन गडहिंग्लजला गेले, एकटी.

तिचे वडील नागाप्पा दारातच होते. "या पावणं," म्हणाले. पाणी दिलं, चटई अंथरली. एक वाकडा शब्द नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मला शिव्यांना उत्तर देता येतं. तिच्या आईनं आत कानडीत हाक मारली, "शिवा, बा इल्ली." ती आली. गळ्यात पांढऱ्या कापडाची पुरचुंडी, कुडत्याच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी.

मी डबी पुढं केली. "रोज फूल व्हात हुतो मी ह्याच्यावर."

"माहीत आहे आई. फुलं मीच आणून देत होते."

"मला सांगायचं हुतंस."

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

ती खोटं बोलत नव्हती. माझ्याच वहीत लिहिलेलं आहे, चौदा जानेवारीला.

"त्या दिवशी सीट ओली होती, पण तुम्ही काय शिंपडलंय ते मला कळलं नाही आधी," ती म्हणाली. "लिंग हातावर घेतलं आणि मग वास आला. ओंजळीत देव होता आई, आणि मांडीखाली ते." तिचा आवाज चढला नाही. डोळ्यांत पाणीही नव्हतं. ते आधीच होऊन गेलं असणार.

"मला वाटलं बाळासो हाय."

"बाळासोकाका असते तरी ते त्यांच्या अंगावर टाकायचं होतं का?"

मला क्षमा मागता येत नाही. कधी मागितलेली नाही, जीभ वळत नाही. मी म्हटलं, "गाडी धुतलीया. बुधवारी मटण बंद करतो. चल."

तिनं बापाकडे बघितलं. नागाप्पा म्हणाले, "तिचं तिनं ठरवायचं. आमी धर म्हणत न्हाई, सोड म्हणत न्हाई."

"आत्ता नाही," शिवांजली म्हणाली. "कधी ते मला ठाऊक नाही. आले तर गळ्यात हे असंच असेल, आणि गाडीत मी बसणार नाही."

डबी तिनं घेतली. आतला कापूस काढून माझ्या हातात दिला. येताना तो पदराला बांधून आणला, का ते माहीत नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र.

काल बाळासोच्या दाराशी गेले होते. बेल वाजवली आणि उभी राहिले. तोच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मॅडम, कळलं." मग म्हणाला, "मी बघितलंवतं पोरीला. तळहाताकडं बघत बसायची, हलायचीबी न्हाई. म्हणून त्या वक्ताला मी जीप पुसायला जात नव्हतो." त्यानं दार लावून घेतलं. आपटलं नाही, पण लावलं.

आज सगळ्यांचाच उपास. पण गेल्या बुधवारीही मटण केलं नव्हतं, रविवारीही नाही. धैर्यशील बाहेर जेवतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो, तेही मोबाईलवर.

दुसरी किल्ली खुंटीवर आहे. एस्टीनं येऊन खोलीत जायचा धीर झाला नाही, तर खाली तरी बसता येईल. गाडीत बसणार नाही म्हणाली ते मला माहीत आहे. तरी सकाळी खाली जाऊन पुढची डावी सीट पुढे सरकवली, पडदा ओढला आणि मागची काच बोटभर उघडी ठेवली.

संध्याकाळी जाऊन बघितलं. सीट कोरडी. राख नाही, पान नाही. काळ्या दोऱ्याचा तुकडा अजून मुठीला होता, तिनं मारलेल्या गाठीसकट. कुणी आलेलं नव्हतं.